फाटकाअलीकडचे काम : गाव, विद्यापीठ आणि औद्योगिक मानसशास्त्र

औद्योगिक मानसशास्त्र ही काम आणि काम करणारा माणूस यांचा अभ्यास करणारी शाखा. कोणत्या कामाला कोण योग्य, नवे काम शिकवावे कसे, थकवा कशाने येतो, अपघात का होतात, माणसे नोकरी का सोडतात, गटात कोण कोणाचे ऐकतो आणि काम सुटले की माणसाचे काय होते, हे तिचे नेहमीचे प्रश्न. शेवटचा प्रश्न पाठ्यपुस्तकांत बहुधा शेवटच्या प्रकरणात येतो. मुळशी तालुक्यात मात्र सुरुवात त्याच्यापासूनच करावी लागते, कारण इथल्या बहुतेक कुटुंबांचा कारखान्याशी संबंध नोकरी मिळण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो: जमीन गेली तेव्हा, धरण झाले तेव्हा, रस्ता रुंद झाला तेव्हा.

विद्यापीठाचे एखादे संशोधन केंद्र गावाशी किंवा वस्तीशी भागीदारी करून रोजगाराचा मानसशास्त्रीय अभ्यास कसा करते, हा या पुस्तकाचा विषय आहे. भागीदारी या शब्दाचा इथला अर्थ नेमका आहे. गावकरी प्रश्नावलीला उत्तरे देऊन मोकळे होत नाहीत. प्रश्न कोणता घ्यायचा, तो कोणत्या शब्दांत विचारायचा, मिळालेल्या उत्तरांचा अर्थ काय लावायचा आणि तो कोणापुढे मांडायचा, या चारही टप्प्यांवर त्यांचे म्हणणे चालते. विद्यापीठ आपले शास्त्र आणते, गाव आपले कामाचे ज्ञान आणते, आणि दोघांनाही एकमेकांच्या चुका दाखवण्याची मुभा असते.

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुळशी तालुक्यातले माले हे गाव लागते. मुळशीचे धरण तिथून जवळ. गावाच्या पूर्वेला पिरंगुट, उरवडे, घोटवडे या बाजूंना पसरलेले कारखाने आहेत. त्याहून पुढे, याच तालुक्यात, हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान संकुल. पश्चिमेला ताम्हिणीचा घाट, पावसाळी पर्यटन, हॉटेले आणि फार्महाऊस. मधल्या पट्ट्यात भातखाचरे, आंबेमोहोर, गुरे आणि कातकऱ्यांच्या वस्त्या. एकाच घरातला एक भाऊ कंपनीत हेल्पर, दुसरा फार्महाऊसवर राखणीला, आई आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत सावडीला आणि उरलेल्या वर्षात रोजंदारीला, असे चित्र या पट्ट्यात सहज दिसते. ‘तुमचा व्यवसाय काय’ या रकान्यात यातले काय लिहायचे? जनगणनेपासून नोकरीच्या अर्जापर्यंत बहुतेक छापील नमुने एका माणसाला एकच व्यवसाय असतो असे धरून चालतात. मुळशीत हे गृहीतक पहिल्याच घरात मोडते.

या भागाचा उद्योगांशी आलेला पहिला मोठा संबंध शंभर वर्षांपूर्वीचा आहे. मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात टाटा कंपनीने धरण बांधायला घेतले. अडवलेले पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात भिऱ्याला सोडायचे आणि तिथे तयार झालेली वीज मुंबईला, तिथल्या गिरण्यांना पुरवायची, अशी ती योजना होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे ही त्यातली ठळक नावे. लढा हरला आणि १९२७ मध्ये धरण पूर्ण झाले. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा सविस्तर अभ्यास केला. जमिनीवर सावकारांचा हक्क आधीच किती बसलेला होता आणि नुकसानभरपाईकडे सावकार व कसणारे कुळ किती वेगळ्या नजरेने पाहत होते, हे त्यातून कळते. रोजगाराच्या अभ्यासकाला ही गोष्ट मोलाची आहे. जमीन जाणे हा सगळ्यांवर सारखाच कोसळणारा प्रसंग नसतो. कोणाला त्यातून रोकड मिळते. कोणाचे फक्त काम जाते, आणि ज्याचे फक्त काम जाते त्याची नोंद कोणत्याही सातबाऱ्यावर नसते.

युरोप-अमेरिकेत ही शाखा उभी राहिली ती कारखान्याच्या आत. फ्रेडरिक टेलरने १९११ मध्ये शास्त्रीय व्यवस्थापनाची मांडणी केली. प्रत्येक हालचाल मोजायची, अनावश्यक हालचाल गाळायची आणि कामाचा विचार कामगाराकडून काढून व्यवस्थापकाकडे द्यायचा, हा तिचा गाभा. ह्यूगो म्युन्स्टरबर्गने १९१३ च्या आपल्या ग्रंथात माणसांच्या निवडीचा प्रश्न मानसशास्त्राकडे आणला; ट्रामचालकाचे लक्ष किती टिकते हे प्रयोगशाळेत मोजण्याचा त्याचा प्रयत्न प्रसिद्ध आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून झालेल्या प्रयोगांनी कामगारांचे आपसांतले संबंध आणि त्यांच्याकडे दिले जाणारे लक्ष यांना महत्त्व मिळवून दिले. त्या प्रयोगांच्या आकड्यांवर पुढे पुष्कळ शंका घेतल्या गेल्या आणि त्यांतल्या बऱ्याच रास्त होत्या. तरी त्यातले एक निरीक्षण टिकले: कामगारांचा गट आपल्या कामाचा वेग आपापसांत ठरवतो आणि तो मोडणाऱ्याला वठणीवरही आणतो. या सगळ्या काळात प्रश्न विचारणारा मालक होता. मानसशास्त्रज्ञाला बोलावणारा तोच, पैसे देणारा तोच आणि अहवाल वाचणाराही तोच.

याला सर्वांत मोठा अपवाद ऑस्ट्रियातला. व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल या गावातली कापडगिरणी मंदीत बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव एकदम बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या तरुण संशोधकांनी तिथे जाऊन केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या चमूने स्वतःला एक नियम घालून घेतला होता: नुसते पाहायला म्हणून कोणीही गावात जायचे नाही, प्रत्येकाने गावाच्या उपयोगाचे काहीतरी करायचे. म्हणून त्यांनी कपडे गोळा करून वाटले, दवाखाना चालवला, शिवणकामाचे वर्ग घेतले, आणि ते करता करता घराघरांतून नोंदी जमवल्या. जेवणात काय होते, मुले नाताळला काय मागतात, वाचनालयातून किती पुस्तके जातात, सगळे टिपले. बेकारीत वेळ भरपूर असतो, तेव्हा वाचन वाढेल असे कोणालाही वाटेल. ते जवळजवळ निम्म्यावर आले होते. एक संशोधक खिडकीत बसून गावच्या मुख्य रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेग घड्याळ लावून मोजत असे. पुरुष रेंगाळत चालत, पुन्हा पुन्हा थांबत. बायका मात्र भरभर जात, कारण चूल, मुले आणि धुणी त्यांच्यामागे तशीच होती. गिरणीने पगारासोबत पुरुषांचा दिवसही नेला होता. बायकांचा पगार गेला, पण काम गेले नाही.

याहोदाने पुढे १९८० च्या दशकात यावरून आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला. नोकरी पैशांखेरीज पाच गोष्टी देते: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, स्वतःपलीकडच्या उद्दिष्टात वाटा, समाजात स्थान आणि नियमित हालचाल. सिद्धांत उपयोगी आहे, पण मुळशीला तो जसाच्या तसा लावता येत नाही. दिवसाचा आकार इथे अजूनही बराचसा शेत, गुरे आणि पावसाळा ठरवतात. कंपनीतले काम सुटलेला मुलगा पावसाळ्यात आवणीला उतरला तर त्याच्या दिवसाला आकार असतो. स्थान मात्र गेलेले असते, आणि लग्नाच्या बोलणीत ते लगेच जाणवते. मारिएन्थालची पद्धत घ्यावी आणि तिथले निष्कर्ष इथे पुन्हा तपासावेत, हे बरे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आणि त्यानंतरच्या काळात आणखी दोन प्रवाह आले. कर्ट लेविनने ‘कृतिसंशोधन’ ही कल्पना मांडली: परिस्थिती बदलण्याचा प्रयत्न करत करतच ती समजून घ्यायची. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या एका पायजमा कारखान्यात त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की कामाची पद्धत बदलताना कामगारांना निर्णयात घेतले तर ते नव्या पद्धतीत लवकर रुळतात. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेत एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफोर्थ यांनी १९५१ मध्ये कोळसाखाणींचा अभ्यास छापला. नवी यंत्रे आली, त्यांनी खाणकामगारांचे जुने छोटे गट मोडले आणि उत्पादनाबरोबर माणसेही ढासळली. यंत्र आणि माणसांची रचना यांचा विचार एकत्रच करावा लागतो, हा त्यांचा निष्कर्ष.

हा निष्कर्ष भारतात फार लवकर पोहोचला, आणि तोही मराठी मुलखाच्या शेजारी. टॅव्हिस्टॉकचे ए. के. राइस १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. स्वयंचलित मागांच्या एका खात्यात २२४ माग होते, त्यांवर २९ माणसे, आणि त्यांच्या कामांची १२ वेगवेगळी नावे. विणकर, बॅटरी भरणारा, तुटलेला धागा जोडणारा, झाडणारा असा प्रत्येक जण आपापले काम करी आणि एका मागाची जबाबदारी नेमकी कोणाची हे कोणालाच सांगता येत नसे. माणसांचे छोटे गट करून प्रत्येक गटाकडे काही माग सोपवावेत, अशी सूचना राइस यांनी केली. कामगारांनी ती लगेच उचलली आणि कोण कोणाबरोबर बसणार हे स्वतःच ठरवून सात-सात जणांचे चार गट केले. कापडातले दोष कमी झाले. सतरा वर्षांनी टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर पाहायला परत आले तेव्हा एका ठिकाणी ही पद्धत टिकून होती, इतर ठिकाणी ती विरली होती. राइस यांच्या प्रयोगाइतकीच मिलर यांची ही परत भेट महत्त्वाची आहे. संशोधक निघून गेल्यावर काय उरते, हे पाहायला फार थोडे जण परत येतात.

भारतात विद्यापीठीय मानसशास्त्राची सुरुवात कलकत्त्याला १९१६ च्या सुमारास झाली. अहमदाबादच्या कापड संशोधन संस्थेत, म्हणजे अटिरात, कमला चौधरी यांनी कामगारांच्या मानसशास्त्राचे काम उभे केले. महाराष्ट्रात मात्र कामाच्या अभ्यासाची वाट अर्थशास्त्र आणि समाजकार्य यांच्यामधून गेली. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात त्यांचे भारतीय सहकारी बरोबर होते. मान यांनी कुटुंबांचे तीन गट केले: शेतीवर भागणारी, शेती आणि बाहेरचे काम मिळून भागणारी, आणि दोन्ही मिळूनही न भागणारी. सर्वांत मोठा गट तिसरा होता. आज पिंपळे सौदागरमध्ये उंच इमारती उभ्या आहेत आणि तिथे राहणारे पुष्कळ जण रोज हिंजवडीला जातात. मान यांची त्रिविध वाटणी मात्र मुळशीच्या वरच्या खोऱ्यात अजूनही जशीच्या तशी वापरता येते, आणि या पुस्तकात ती वापरली आहे.

१९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली तिने वाई तालुक्यातल्या शेतीची आणि पुणे शहराची सविस्तर पाहणी केली. मराठी मुलखात घरोघर जाऊन पद्धतशीर माहिती गोळा करण्याची शिस्त या संस्थेने घालून दिली. १९३६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या समाजकार्याच्या शाळेतून पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. तिथे कामगार कल्याण आणि कर्मचारी व्यवस्थापन हे विषय समाजकार्याच्या पोटातून वाढले, आणि वस्तीत जाऊन काम करणे हा शिक्षणाचा भाग राहिला. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लॅम्बर्ट यांनी पुण्यातल्या पाच कारखान्यांतल्या कामगारांचा अभ्यास केला. तो १९६३ मध्ये पुस्तकरूपाने आला. खेड्यातून आलेला कामगार कारखान्यात टिकत नाही, ही त्या काळातली सर्रास समजूत होती. लॅम्बर्ट यांना दिसले ते उलट: मिळालेली नोकरी माणसे घट्ट धरून ठेवत होती. दोनच वर्षांनी मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास लिहून असेच दाखवले. बेशिस्त म्हणून ज्याला नावे ठेवली जात, त्यामागे जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, आणि बदलीची पद्धत होती आणि गिरण्यांच्या व्यवस्थापनाने ती स्वतःच्या सोयीसाठी राखली होती.

मानसशास्त्राच्या दृष्टीने या दोन्ही पुस्तकांचे मोल मोठे आहे. ‘स्थानिक पोरं टिकत नाहीत’ हे वाक्य आजही पिरंगुटच्या रस्त्यावर ऐकू येते. ते खरे आहे की खोटे, हे ठरवण्याआधी ती पोरे कायम आहेत की ठेकेदाराची, पाळी सुटल्यावर वरच्या गावाला जाणारी गाडी असते का, आणि आवणीच्या दिवसांत आठ दिवस रजा मिळते का, हे विचारावे लागते. माणसाच्या स्वभावाला चिकटवलेले पुष्कळ दोष शेवटी हजेरीपत्रकात आणि एसटीच्या वेळापत्रकात सापडतात.

मावळच्या माणसांनी स्वतः उभी केलेली कामाची एक रचना तर जगभर अभ्यासली गेली आहे. मुंबईचे डबेवाले बहुतांशी मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, अकोले या पट्ट्यातले. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केल्याचे सांगितले जाते. १९५६ मध्ये त्यांचा नोंदणीकृत ट्रस्ट झाला. २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यांच्यावर अभ्यासप्रकरण तयार केले. लोकांचे लक्ष बहुधा डबे न चुकण्याकडे आणि झाकणावरच्या खुणांकडे जाते. कामाच्या मानसशास्त्राला त्याहून मोलाची वाटते ती गटाची घडण. प्रत्येक गट आपला हिशेब आपण पाहतो. मुकादम गटातलाच, डबे वाहिलेला. नवा माणूस गावच्या किंवा नात्यातल्या ओळखीने येतो आणि जुन्याच्या बरोबर फिरून लाइन शिकतो. एखादा आजारी पडला तर त्याची लाइन कोण उचलणार, हे ठरवायला वरून हुकूम लागत नाही. राइस यांनी अहमदाबादेत सुचवलेल्या रचनेशी हिचे साम्य स्पष्ट आहे, आणि ही तिच्याहून कितीतरी जुनी. तिची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. नात्यागोत्याने होणारी भरती विश्वास देते आणि नात्याबाहेरच्यांना बाहेर ठेवते. कातकरी आणि स्त्रिया या रचनेत फार कमी दिसतात.

लोकांबरोबर संशोधन करण्याचा प्रवाह १९७० च्या दशकात लॅटिन अमेरिका, आफ्रिका आणि आशिया येथे जवळजवळ एकाच वेळी वाढला. ब्राझीलचे पाउलो फ्रेरे आणि कोलंबियाचे ओर्लांदो फाल्स बोर्दा ही त्यातली मोठी नावे. महाराष्ट्राचा त्यात स्वतःचा वाटा आहे. पालघर भागात काळूराम धोदडे यांच्या नेतृत्वाखाली आदिवासींनी भूमिसेना उभी केली. तिच्याबरोबर राहून अनिसुर रहमान, निरंजन मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि सहभागी संशोधनाच्या साहित्यात तो आजही उल्लेखला जातो. वेठ, कर्ज आणि जमीन यांचा हिशेब आदिवासींनी स्वतः मांडला, हे त्यातले मर्म.

पुणे जिल्ह्यात या प्रवाहाच्या जवळ जाणारी दोन कामे आहेत. अप्पा पेंडसे मानसशास्त्राचे अभ्यासक होते. त्यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. बुद्धिमत्तेच्या कसोट्यांवर संशोधन करणारी शाखा आणि शिवापूरच्या बाजूला शिवगंगा खोऱ्यात ग्रामविकास व लघुउद्योग, ही दोन्ही कामे एकाच संस्थेत चालली. मानसशास्त्र आणि खेड्यातला रोजगार एका छपराखाली आल्याचे महाराष्ट्रातले हे बहुधा सर्वांत स्पष्ट उदाहरण. दुसरे काम शिरूर तालुक्यातल्या पाबळचे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. वेल्डिंग, बांधकाम, पंपदुरुस्ती, माती-पाणी तपासणी ही कामे मुलांनी गावासाठी प्रत्यक्ष करायची, त्यांचे पैसे घ्यायचे आणि त्यातून विज्ञान शिकायचे, ही त्यांची पद्धत. शाळेत मागे पडलेला मुलगा इथे हुशार ठरतो, हे तिथे अनेकदा दिसले आहे. निवड-चाचण्यांवर विसंबणाऱ्या मानसशास्त्राने त्याचा गंभीरपणे विचार करायला हवा. मुंबईच्या आयआयटीत १९८५ मध्ये सुरू झालेल्या सितारा या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्राने तालुका हेच अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे कार्यक्षेत्र मानले, तेही याच दिशेचे.

आजवरच्या कामात तीन दृष्टी ओळखता येतात, आणि नवख्या वाचकाने त्यांची गल्लत करू नये. पहिली व्यवस्थापनाची: निवड, प्रशिक्षण, उत्पादकता. दुसरी कल्याणाची: कामगाराचे आरोग्य, घर, व्यसन, सल्ला. तिसरी भागीदारीची: कामाचे स्वरूप ठरवण्याचा अधिकार कोणाकडे, हाच अभ्यासाचा विषय. पहिलीची साधने काटेकोर आहेत आणि ती टाकून द्यावीत असे कोणी म्हणू नये. डोळ्यांची नीट तपासणी न करता प्रेसवर बसवलेल्या मुलीचे बोट जाते, तेव्हा तिथे निवड-चाचणीचाच अभाव असतो. हे पुस्तक तिसऱ्या दृष्टीने लिहिलेले आहे आणि पहिल्या दोघींची साधने तिच्या कामाला लावते.

या सगळ्याची निकड आताच का, याचे उत्तर तालुक्यात दिसते. बहुतेक नव्या नोकऱ्या ठेकेदारामार्फत आहेत. कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० चा होता. २९ केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागी आता चार श्रमसंहिता आल्या आहेत, आणि त्यांतले आपले हक्क कामगारापर्यंत पोहोचणे अजून बाकी आहे. स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या देण्याचे राज्याचे धोरण जुने आहे. ‘स्थानिक’ म्हणजे कोण, यावर मात्र गावागावांत वाद आहेत, आणि मराठवाडा, बिहार, ओडिशाहून आलेल्या कामगारांशी असलेले संबंध त्या वादांत ताणले जातात. जून २०२१ मध्ये उरवडे येथे एका रासायनिक कारखान्याला आग लागून कामगारांचे प्राण गेले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. धोका दिसत असूनही माणूस तोंड का उघडत नाही, हा सुरक्षेच्या मानसशास्त्रातला मध्यवर्ती प्रश्न. ठेकेदाराकडे रोजावर असलेल्या, घरापासून जवळ दुसरे काम नसलेल्या बाईच्या बाबतीत त्याचे अर्धे उत्तर तिच्या मनाबाहेर, तालुक्याच्या रोजगाराच्या स्थितीत आहे. दुसऱ्या बाजूला, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर समाजसहभाग आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांना पदवीच्या अभ्यासक्रमात श्रेयांक मिळू लागले आहेत. उन्नत भारत अभियानात महाविद्यालये गावे दत्तक घेतात. लवळे, हिंजवडी आणि पुण्यातले हजारो विद्यार्थी आता अभ्यासासाठी गावात जाणार आहेत. त्यांची तयारी नसेल तर गावाच्या वाट्याला फक्त आणखी प्रश्नावल्या येतील.

पद्धतीबद्दल म्हणून थोडे सविस्तर. कामाच्या समाधानाची पाहणी साधारणपणे पाच पर्यायांच्या विधानांनी होते: पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. वस्तीवर हा कागद पुढे केला की पहिली दहा-बारा उत्तरे ‘बरंय की’ अशी एकसारखी येतात. त्याचा अर्थ समाधान असा होत नाही. पाहुण्याला वाईट सांगू नये हा रिवाज, आणि हे कंपनीला कळले तर काय, ही भीती, अशा दोन गोष्टी त्यात मिसळलेल्या असतात. हाच प्रश्न दुसऱ्या रीतीने विचारता येतो. अंगणात खडूने बारा घरे आखायची, चैत्र ते फाल्गुन. प्रत्येक घरात त्या महिन्यात जितके काम तितके चिंचोके ठेवायचे; शेताचे, मजुरीचे, कंपनीचे आणि घरातले काम वेगवेगळ्या ओळींत. बायका घरातल्या कामाची ओळ आधी रिकामी सोडतात, मग एखादी म्हणते की पाणी आणायचं धरायचं का, आणि ओळ भरू लागते. आषाढाच्या घरात चिंचोके मावत नाहीत. कातकरी वस्तीवर कार्तिकानंतरची घरे वेगळी भरतात, कारण वीटभट्टीची उचल घेतलेली असते आणि कुटुंब गावाबाहेर जाते. नोकरीला लागलेला तरुण कोणत्या महिन्यात रजा मागतो आणि कोणत्या महिन्यात काम सोडतो, हे या बारा घरांवरून कळते, आणि ते कंपनीच्या मनुष्यबळ विभागालाही पटवता येते. नंतर पाच पर्यायांचा कागद पुढे केला तरी चालतो. आता त्यावर निरनिराळ्या जागी खुणा पडू लागतात.

अशा कामात मतभेद असतात, आणि ते या पुस्तकात झाकलेले नाहीत. कारखान्याने पैसे दिलेले संशोधन घ्यावे का? घ्यावे, असे इथले मत आहे. अट इतकीच की प्रश्न ठरवण्यात ग्रामसभेचा आणि कामगारांचा वाटा लेखी नोंदलेला असावा आणि निष्कर्ष दोघांना एकाच दिवशी मिळावेत. गोळा केलेली माहिती कोणाची? नावानिशी नोंद फक्त सांगणाऱ्याच्या संमतीनेच ठेवावी, आणि छोट्या गावात नाव गाळले तरी माणूस ओळखू येतो हे लक्षात घेऊन लिहावे. ‘गाव’ म्हणजे कोण, हा सर्वांत अवघड मुद्दा. सरपंच, ग्रामसभा, गावकी, महिला बचतगट आणि कातकरी वस्ती यांची मते एक नसतात. भागीदारी एकाशीच झाली तर बाकीचे त्या संशोधनाचे विषय तेवढे होतात, आणि हे टाळायचे तर प्रत्येक गटाशी वेगळी बैठक घेण्याइतका वेळ केंद्राने सुरुवातीपासून राखावा लागतो. शैक्षणिक वर्षाच्या वेळापत्रकात तो सहसा बसत नाही. विद्यार्थी जूनमध्ये बदलतात. नेमक्या त्याच महिन्यात गावाला बोलायला सवड नसते.

हे पुस्तक तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: मानसशास्त्र, समाजकार्य आणि व्यवस्थापनाचे विद्यार्थी, ग्रामपंचायत, बचतगट आणि कामगार संघटनांत काम करणारे कार्यकर्ते, आणि कारखान्यांतले मनुष्यबळ अधिकारी. तिघांनाही एकच भाषा वाचता यावी म्हणून परिभाषा कमी ठेवली आहे आणि कंपनी, पाळी, हजेरी, उचल, बदली हे चालू शब्दच शास्त्रीय अर्थाने वापरले आहेत. मुळशी तालुका हे मुख्य उदाहरण. पण पद्धती चाकण, रांजणगाव, बुटीबोरी किंवा गोव्यातल्या वेर्णा इथल्या औद्योगिक पट्ट्यांतही लागू पडाव्यात अशा बेताने मांडल्या आहेत. शेतमजुरीचा स्वतंत्र अभ्यास, मानसिक आजारांवरचे उपचार आणि कायद्याचा कलमवार अर्थ हे विषय पुस्तकात घेतलेले नाहीत. त्यांची गरज पडेल तिथे वाचकाला त्या त्या क्षेत्रातल्या जाणकाराकडे पाठवले आहे. चाचण्यांचे नमुने दिले आहेत ते मराठीत प्रत्यक्ष विचारता येतील अशाच शब्दांत. स्थानिक बोलीप्रमाणे ते बदलावेत, आणि बदलल्यावर निदान वीस माणसांवर आजमावून मगच वापरात आणावेत.